काठावरचा राजा

देवळीहून यवतमाळच्या रस्त्याला लागलं की भिडी मागे पडतं आणि पुढे वर्धा नदीचा पूल येतो. पुलाच्या अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे यवतमाळ. अलीकडे नागपूर विभाग, पलीकडे अमरावती विभाग. तालुक्याच्या दुसऱ्या टोकाला पुलगावातही तेच. रेल्वे नदी ओलांडून धामणगावला पोचते तेव्हा अमरावती जिल्हा सुरू झालेला असतो. दोन्ही काठांना माती काळीच, शेतात कपाशी आणि तूरच, कानावर पडते ती बोलीही वऱ्हाडी वळणाचीच. सोयरिकी तर कायमच्या इकडून तिकडे. मग सरहद्दीची रेघ नेमकी या पाण्यावरूनच कशी गेली?

अकबराच्या काळात ती इथे नव्हती. ‘आइन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्यातल्या सरकारांची नोंद आहे, त्यांत पवनारही आहे. पवनार वर्धा नदीच्या पूर्वेला, म्हणजे त्या वेळी दोन्ही काठ एकाच सुभ्यात होते. नदी दोन राज्यांमधली सीमा झाली ती १७ डिसेंबर १८०३ रोजी, गाविलगडाजवळच्या देवगावला झालेल्या तहानं. त्या तहावर नागपूरच्या दुसऱ्या रघुजी भोसल्यांच्या वतीनं मान्यता दिली गेली, कारण त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्यांनी एक निर्णय घेतला होता. आजवर ज्या युद्धापासून दूर राहिलो, त्यात आता उतरायचं.

हा निर्णय मला फार दिवस कोडं वाटत आला आहे. भांडण होतं पुण्याच्या गादीवरून. एका बाजूला ईस्ट इंडिया कंपनी, दुसऱ्या बाजूला दौलतराव शिंदे. नागपूर त्यापासून शेकडो कोस लांब. रघुजी सावध स्वभावाचे, पैशाअडक्याला जपणारे. अशा माणसानं त्या आगीत हात का घातला, हे शोधायला गेलं की जगातल्या इतर तटस्थ देशांच्या वागण्याचाही उलगडा व्हायला लागतो.

आधी नागपूरकरांची जागा नीट पाहायला हवी. पहिल्या रघुजींनी बंगालवर स्वाऱ्या केल्या आणि १७५१ मध्ये अलीवर्दीखानानं ओडिशाचा मुलूख आणि बंगालच्या चौथाईचे वर्षाला १२ लाख रुपये मान्य केले. म्हणजे देवळी ज्या राज्यात होती, त्याचं एक टोक वऱ्हाडातल्या कापसाच्या रानात, तर दुसरं बालासोरच्या समुद्रावर. नागपूरच्या राजाकडे बंगालच्या उपसागरातलं बंदर होतं, हे शाळेत कुणी ठसवून सांगत नाही.

एवढं मोठं राज्य पुण्याच्या हुकमतीत सुखानं राहणं शक्यच नव्हतं. नागपूरकर स्वतःला पेशव्यांचे चाकर मानत नसत. आपण छत्रपतींचे सरदार, आणि तेही भोसले, ही त्यांची भावना. म्हणून पुण्याशी त्यांचं नातं सदा तळ्यात-मळ्यात राहिलं. जानोजी भोसले १७६३ मध्ये निजामाबरोबर पुण्यावर चालून गेले, आणि त्याच वर्षी राक्षसभुवनच्या लढाईआधी पुन्हा पेशव्यांकडे वळले. पुढे थोरल्या माधवरावांनी नागपूरच्या मुलखात दोनदा फौजा घातल्या. दोन बलवानांमध्ये उभं राहायचं, कुणाचंच पुरतं व्हायचं नाही आणि दोघांकडूनही काही ना काही पदरात पाडून घ्यायचं, हे नागपूरचं राजकारण त्या काळात मुरलं.

या राजकारणाचा कळस १७८० साली पाहायला मिळतो. पहिलं इंग्रज-मराठे युद्ध चालू होतं. नाना फडणविसांनी कंपनीविरुद्ध मोठी मोट बांधली. पुणेकर, हैदर अली, निजाम आणि नागपूरकर. भोसल्यांकडे काम आलं बंगालवर चालून जाण्याचं. १७७९ च्या दसऱ्याला मुधोजी भोसल्यांचे पुत्र चिमणाजी सुमारे ३०,००० स्वार घेऊन निघाले आणि कटकला पोचले मे १७८० मध्ये. इतक्या वाटेला सात महिने! हा उशीर वाटेतल्या अडचणींमुळे झालेला नव्हता. मुधोजींनी आतून कंपनीच्या वॉरन हेस्टिंग्जला कळवून ठेवलं होतं की आमची फौज दिसेल, पण घाव पडणार नाही.

हेस्टिंग्जला तेवढंच हवं होतं. हैदरनं कर्नाटकात मुसंडी मारली होती आणि सप्टेंबर १७८० मध्ये पोल्लिलूरला कंपनीच्या एका फौजेचा पुरता धुव्वा उडाला होता. मद्रास वाचवायचं तर बंगालची पलटण तिथे पोचवायला हवी, आणि कलकत्ता ते मद्रास ही खुष्कीची वाट जात होती कटकमधून, म्हणजे भोसल्यांच्या अंगणातून. हेस्टिंग्जनं लाखो रुपये मोजले. चिमणाजींची फौज स्वस्थ राहिली आणि १७८१ मध्ये कर्नल पिअर्सची पलटण ओडिशातून बिनघोर मद्रासकडे गेली. न लढण्याची एवढी किंमत त्या काळात दुसऱ्या कुणा मराठी सरदाराला मिळाल्याचं मला आठवत नाही.

याचं कारण मात्र नीट समजून घेतलं पाहिजे. कंपनीनं पैसे भोसल्यांच्या धाकानं दिले नव्हते. तेव्हा पुणं उभं होतं, म्हैसूर उभं होतं, निजाम डळमळत का होईना स्वतःच्या पायावर होता. भोसल्यांचे ३०,००० स्वार कोणत्या पारड्यात पडतात यावर पारडं झुकणार होतं. तटस्थाला भाव येतो तो तराजूची दोन्ही पारडी भरलेली असतात तोवर.

पुढच्या वीस वर्षांत एक पारडं रिकामं होत गेलं. १७९८ मध्ये निजामानं कंपनीची तैनाती फौज पत्करली. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. १३ मार्च १८०० ला नाना फडणवीस गेले. याच सुमाराला नागपुरात एक वेगळाच पाहुणा येऊन राहिला होता. कंपनीनं वकील म्हणून धाडलेला हेन्री टॉमस कोलब्रुक. पुढे वेदांवर निबंध लिहिणारा, संस्कृतचा जाडा विद्वान म्हणून युरोपात नावाजला गेलेला हाच तो. त्याचं काम होतं रघुजींना कंपनीच्या तहात ओढण्याचं. १७९९ ते १८०१ तो नागपुरात होता. रघुजींनी त्याला ना होकार दिला, ना तोंडावर नकार. गोड बोलून वेळ मारून नेली. शेवटी तो हात हलवत परत गेला.

तेव्हा तरी अजून तिसरी वाट खुली दिसत होती. ती बंद झाली ३१ डिसेंबर १८०२ रोजी, वसईला.

त्याआधी ऑक्टोबरात यशवंतराव होळकरांनी हडपसरजवळ शिंदे-पेशव्यांच्या फौजेचा पराभव केला होता आणि दुसरे बाजीराव पळून कंपनीच्या आसऱ्याला गेले होते. वसईच्या तहानं त्यांनी कंपनीचं किमान ६,००० पायदळ आपल्या राज्यात ठेवून घेतलं, त्याच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून दिला, आणि इतर कुणाशीही परस्पर बोलणी करणार नाही असं लिहून दिलं. नागपूरच्या दृष्टीनं तहातला सर्वांत जहरी भाग आणखी वेगळा होता. पेशव्यांचे निजामाशी आणि गायकवाडांशी जे काही देण्याघेण्याचे तंटे असतील त्यांचा निवाडा यापुढे कंपनी करणार होती.

हे कलम रघुजींनी वाचलं असेल तेव्हा त्यांना काय दिसलं असेल, याचा विचार करा. वऱ्हाडात तेव्हा दुअंमल होता. एकाच गावाच्या वसुलात निजामाचा वाटा आणि भोसल्यांचाही वाटा. गावोगावी दोन सरकारांचे दोन कारकून. ही व्यवस्था कागदावर टिकलेली नव्हती, ती भोसल्यांच्या घोडदळाच्या भीतीवर टिकलेली होती. निजामाच्या पाठीशी आता कंपनीच्या तोफा उभ्या होत्या. आज पेशव्यांचे निजामाकडचे हक्क कंपनीच्या निवाड्यावर गेले, उद्या भोसल्यांचे जातील आणि निवाडा कुणाच्या बाजूनं लागेल हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वाट्याचा हा प्रश्न पैशाचा होता, पण त्याच्याखाली मानाचाही एक प्रश्न होता. पुणे कितीही जाचक असलं तरी ते होतं म्हणूनच नागपूरकरांना पुण्याशी फटकून राहता येत होतं. साऱ्या घराण्यांच्या वर एक गादी होती, तिच्या नावानं तह होत आणि तिच्याशी रुसवेफुगवेही. वसईनं ती गादीच कंपनीच्या खिशात घातली, तीही शिंदे, भोसले, होळकर यांपैकी कुणालाही न विचारता. शिवाय नकाशा पाहा. नागपूरच्या दक्षिणेला निजाम, पूर्वेला बंगाल, पश्चिमेला पुणे. तिन्हीकडे आता कंपनी. मोकळी बाजू उरली ती फक्त उत्तरेची, शिंद्यांची. शिंदे एकटे लढून हरले तर रघुजी चहूबाजूंनी वेढले जाणार होते, आणि तेव्हा मदतीला हाक मारायला कुणी उरणार नव्हतं.

म्हणून एप्रिल १८०३ मध्ये रघुजी नागपुराहून निघाले. पुढचे चार महिने, मला विचाराल तर, मराठी इतिहासातले सर्वांत श्वास रोखून धरायला लावणारे महिने आहेत, कारण त्यांत एकही लढाई नाही.

मेच्या अखेरीस कंपनीचा वकील कर्नल जॉन कॉलिन्स यानं दौलतराव शिंद्यांना सरळ विचारलं, तुमचा इरादा काय, युद्ध की शांतता? शिंद्यांनी उत्तर दिलं की भोसल्यांच्या राजाशी माझी भेट होऊ द्या, मग कळेल. हे उत्तर ऐकून कलकत्त्यात गव्हर्नर जनरल रिचर्ड वेलस्लीला तो उघड अपमान वाटला. मला त्यात दिसतं ते वेगळंच. सबंध हिंदुस्थानच्या युद्ध-शांततेचा फैसला तेव्हा अशा राजाच्या हाती आला होता, जो अजून या भांडणात नव्हताच. कॉलिन्सचा प्रश्न शिंद्यांना होता, पण उत्तर रघुजींच्या डेऱ्यातून यायचं होतं. तटस्थाचं वजन इतकं वाढलेलं पुन्हा क्वचितच दिसेल.

जूनच्या सुरुवातीला मलकापूरच्या बाजूला शिंदे आणि भोसले भेटले. रघुजींनी तिथे लढाईची घाई केली नाही, मध्यस्थी केली. शिंदे आणि होळकर यांचं वैर मिटलं तर मराठ्यांची तीन मोठी घराणी एकत्र येतील आणि मग कदाचित लढावंही लागणार नाही, नुसत्या वजनानंच कंपनी मागे सरेल, असा त्यांचा हिशेब असावा. होळकरांचा मुलूख सोडण्यापर्यंत बोलणी गेली. होळकर मात्र माळव्याकडे निघून गेले आणि तिथेच थांबले.

मग सुरू झाला तो वाद आजच्या कोणत्याही सरहद्दीवर शोभेल असा. रिचर्डचा धाकटा भाऊ आर्थर वेलस्ली फौजेसह दख्खनेत तयार उभा होता. त्याचं म्हणणं, तुमच्या मनात युद्ध नसेल तर निजामाच्या हद्दीवरून फौजा हलवा, शिंद्यांनी नर्मदेपार जावं, भोसल्यांनी नागपूरला. यांचं म्हणणं, आम्ही आमच्याच मुलखात आहोत. तरी आम्ही बुऱ्हाणपुरापर्यंत हटतो, तुम्हीही आपल्या फौजा मद्रास, मुंबई आणि श्रीरंगपट्टणला परत न्या. वेलस्लीला हे मान्य होणार नव्हतं. मराठी घोडदळ बुऱ्हाणपुराहून चार दिवसांत पुन्हा हद्दीवर येऊ शकतं, पण श्रीरंगपट्टणला गेलेल्या पलटणी परत आणायला महिने जातील. रघुजींनाही त्याचं ऐकणं शक्य नव्हतं, कारण एकदा नागपूरला परतलं की शिंदे एकटे पडतील. दोघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. दोघांनाही आधी पाठ फिरवण्याची भीती होती.

शिवाय पावसाळा सुरू झाला होता, आणि वेलस्लीला तो हवाच होता. नद्यांना पूर आला की मराठी घोडदळाची चपळाई संपते. त्यानं स्वतःच्या फौजेसाठी नद्या उतरायला टोपल्यांच्या होड्या करवून घेतल्या होत्या. म्हणजे बोलणी लांबली तर त्याचा तोटा नव्हता, पण पाऊस ओसरेपर्यंत लांबली तर होता. ३ ऑगस्टला कॉलिन्स छावणी सोडून निघाला. ६ ऑगस्टला युद्ध जाहीर झालं. सहा दिवसांत अहमदनगरचा किल्ला पडला.

रघुजींनी युद्धाचा निर्णय नेमका कोणत्या दिवशी घेतला, असं बोट ठेवून दाखवता येत नाही. एप्रिलमध्ये नागपूर सोडलं तेव्हा तो अर्धा झाला होता, जूनमध्ये शिंद्यांशेजारी तळ पडला तेव्हा आणखी थोडा, आणि जुलैत माघारी जायला नकार दिला तेव्हा पुरा. प्रत्येक पावलावर परतीची वाट असल्यासारखं वाटत होतं.

युद्धाची हकीगत थोडक्यात सांगतो. २३ सप्टेंबरला आताच्या जालना जिल्ह्यात केळणा नदीकाठी असईची लढाई झाली. शिंद्यांच्या तोफखान्यानं वेलस्लीच्या फौजेचं इतकं नुकसान केलं की पुढे वॉटर्लू जिंकलेला हा माणूस असईची आठवण आयुष्यभर काढत राहिला. पण भोसल्यांचं घोडदळ तिथे लढलंच नाही म्हणायचं. रघुजी लवकरच रणांगणातून निघून गेले. नोव्हेंबरात शिंद्यांनी कंपनीशी तहकुबीचा करार केला, आणि त्यात भोसले नव्हते! वेढले जाण्याच्या भीतीनं ज्यांच्यासोबत उडी घेतली, त्यांनीच वाटेत हात सोडला. २९ नोव्हेंबरला अकोल्याकडच्या अडगावला रघुजींचे भाऊ व्यंकोजी ऊर्फ मन्याबापू यांची फौज मोडली. १५ डिसेंबरला गाविलगड सर झाला. दोन दिवसांत तह.

आणि या सगळ्याच्या दरम्यान, रघुजी स्वतः खानदेश-मराठवाड्यात असताना, राज्याचं दुसरं टोक गेलंच होतं. कर्नल हारकोर्टनं सप्टेंबरात जगन्नाथपुरी घेतली आणि १४ ऑक्टोबरला कटकचा बाराबती किल्ला. अडगावची लढाई होण्याच्या दीड महिना आधी. कंपनीला कटक का हवं होतं? तीच कलकत्ता-मद्रासची वाट. १७८० मध्ये ज्या वाटेनं भोसल्यांच्या गप्प राहण्याला लाखांचा भाव आणला, त्याच वाटेसाठी १८०३ मध्ये कंपनी त्यांच्यावर तुटून पडली. ही गोष्ट पहिल्यांदा ध्यानात आली तेव्हा मी कितीतरी वेळ नकाशाकडे पाहत राहिलो होतो. आडवाटेवर कुणाच्या अध्यात न मध्यात पडून राहणं एखाद्या छोट्या राज्याला साधतं. हमरस्त्यावर बसलेल्या राज्याची तटस्थता विकत घेणाराच पुढे मागे रस्त्याचा मालक व्हायला बघतो.

देवगावच्या तहानं कटक, बालासोर आणि समुद्र कायमचा गेला. वर्धा नदीच्या पश्चिमेचा, निजामाबरोबर वाटून खाल्लेला मुलूख गेला आणि कंपनीनं तो निजामाच्या ओटीत घातला. गाविलगड आणि नरनाळा हे किल्ले आणि त्यांच्याखालचा थोडा मुलूख तेवढा उरला. नागपुरात कंपनीचा रेसिडेंट बसला, पहिलाच माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. देवळी, नाचणगाव, पवनार नदीच्या पूर्वेला, म्हणून ती भोसल्यांकडे राहिली. नदीपलीकडचं कळंब निजामाकडे गेलं. पुढे १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिलं, त्याच वर्षी डिसेंबरात तिसरे रघुजी वारले आणि डलहौसीनं नागपूर खालसा केलं. दोन्ही काठ पुन्हा एकाच मालकाकडे आले, तरी वऱ्हाड आणि मध्य प्रांत ही दोन नावं वेगळीच राहिली. आजचे दोन महसुली विभाग त्याच रेघेवर उभे आहेत.

त्या रेघेच्या अलीकडच्या लोकांनी युद्धाची किंमत लगेच मोजायला सुरुवात केली. राज्याचा सुमारे एक तृतीयांश भाग गेला होता, खर्च तेवढाच होता. उरलेल्या गावांवर सारा वाढला, नवे नवे कर बसले. फौजेचे पगार थकले, मग शिपाई गावं लुटू लागले. पाठोपाठ पेंढारी आले. १८११ मध्ये तर त्यांनी नागपूरच्या वेशीबाहेरच्या वस्त्या जाळल्या. वर्धा-नागपूरच्या गावांमधल्या पुष्कळ गढ्या याच धामधुमीत उभ्या राहिल्या. पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, कोपऱ्यांवर बुरूज, एकच अरुंद दरवाजा. आज अशा एखाद्या गढीत गेलात तर भिंत पावसानं विरघळून उघडी पडलेली दिसते. तिच्यात खापराचे तुकडे, विटांची अर्धुकं आणि गवताची मुळं एकमेकांत घट्ट बसलेली असतात. पेंढाऱ्यांची धूळ दिसली की गाव गुरांसकट या भिंतींच्या आत शिरे आणि बाहेरचं सगळं गेलं असं धरूनच लढे. पुण्यातल्या गादीचं भांडण त्या कुणब्याला माहीतही नव्हतं, पण त्याच्या घराची भिंत किती जाड असावी हे त्या भांडणानं ठरवलं.

मग रघुजी चुकले का? गायकवाडांनी कंपनीशी जुळवून घेतलं आणि बडोदा स्वातंत्र्यानंतर विलीन होईपर्यंत टिकलं. निजाम तर १९४८ पर्यंत. हे उदाहरण देणारे पुष्कळ भेटतात. पण ती राज्यं टिकली ती परराष्ट्राशी बोलण्याचा हक्क गहाण टाकून, आणि १८०३ मध्ये राज्य म्हणजे तो हक्कच होता. रघुजींचं कारण मला खरं वाटतं. त्यांची वेळ मात्र फार उशिराची होती. होळकरांचं पाहा, तेही याच कोड्याचा दुसरा अर्धा भाग आहेत. १८०३ भर ते बाजूला राहिले. शिंदे-भोसले पडल्यावर, एप्रिल १८०४ मध्ये, त्यांचं युद्ध सुरू झालं. त्यांनी कंपनीच्या मॉन्सनच्या फौजेची दाणादाण उडवली, भरतपूरच्या वेढ्यात इंग्रजांना जेरीस आणलं, आणि शेवटी डिसेंबर १८०५ मध्ये एकट्यानंच तह केला. जे घोडदळ असईच्या दिवशी हवं होतं ते सात महिन्यांनी आलं. तिघंही लढले, पण एकाच वेळी तिघं कधीच नाही.

तटस्थ देशाच्या मनात काय चालतं ते इथे उघडं पडतं. तटस्थ राहण्याची किंमत लढण्याच्या किंमतीहून जास्त वाटायला लागेपर्यंत तो थांबतो. त्यात वावगं काही नाही, शहाणा राजा तेच करील. पण ज्या घटनांनी ती किंमत वाढते, त्याच घटनांनी त्याचे संभाव्य सोबती एकेक करून गळालेले असतात. म्हणून तटस्थ उतरतो तो बहुधा त्याच्या बाजूनं सर्वांत वाईट मुहूर्तावर.

सगळेच असे उतरत नाहीत. इटली १९१४ मध्ये बाजूला राहिली, दोन्हीकडून बोली ऐकत राहिली आणि २६ एप्रिल १९१५ च्या गुप्त तहात त्रेन्तिनो, त्रिएस्त वगैरे मुलखाचं वचन मिळताच महिन्याभरात ऑस्ट्रियावर चालून गेली. ती मुधोजींची जातकुळी, फक्त त्यांनी न लढण्याचे पैसे घेतले आणि इटलीनं लढण्याचे मागितले. अमेरिकेचं वेगळं. जर्मनीनं १ फेब्रुवारी १९१७ पासून पाणबुड्यांना मोकळं सोडलं, अमेरिकी जहाजं बुडायला लागली, आणि मेक्सिकोला अमेरिकेविरुद्ध उठवणारी झिमरमनची तार उघडकीला आली. ६ एप्रिलला अमेरिका युद्धात आली. तिलाही उशीरच झाला, पण तिच्याजवळ एक महासागर होता आणि तोवर तिचे सोबती थकले असले तरी उभे होते. रघुजींजवळ यांतलं काहीच नव्हतं.

नागपूरनं पुन्हा एकदा असाच निर्णय घेतला. मे १८१६ मध्ये, रघुजींच्या पश्चात कारभार हाती आलेल्या अप्पासाहेब भोसल्यांनी तैनाती फौज पत्करली आणि दीड वर्षानं, पुण्यात बाजीराव उठले तसे, तेही उठले. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर दोन दिवस लढाई झाली आणि ती ते हरले. त्यानंतर या मुलखातून युद्ध-शांततेचा निर्णयच निघून गेला.

तो किती दूर गेला होता हे ३ सप्टेंबर १९३९ ला समजलं. व्हाइसरॉय लिनलिथगोनं हिंदुस्थान युद्धात असल्याचं जाहीर केलं, एकाही निवडून आलेल्या माणसाला न विचारता. काँग्रेसची कार्यकारिणी बसली ती वर्ध्याला, देवळीपासून अठरा-एक किलोमीटरवर. १४ सप्टेंबरच्या तिच्या ठरावात मुख्य मुद्दा हा होता की हिंदुस्थाननं युद्धात उतरायचं की नाही हे हिंदी जनतेनं ठरवायचं आहे. नाझी राजवटीचा निषेध त्या ठरावात स्पष्ट होता. मदत करायला तयार असलेल्या माणसांनीही आधी ठरवण्याचा हक्क मागितला होता. तो मिळाला नाही. ऑक्टोबरात वर्ध्यालाच प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे द्यायचं ठरलं आणि नोव्हेंबरात मध्य प्रांत-वऱ्हाडच्या रविशंकर शुक्लांचं मंत्रिमंडळ पायउतार झालं.

पुढच्या वर्षी गांधीजींनी वैयक्तिक सत्याग्रह काढला. युद्धाविरुद्ध बोलण्याचा हक्क बजावायचा, एकेकट्यानं, उघडपणे. पहिला सत्याग्रही म्हणून त्यांनी विनोबांना निवडलं. १७ ऑक्टोबर १९४० ला विनोबांनी पवनारला भाषण केलं. या युद्धाला माणसं किंवा पैसा देऊ नका, हे त्याचं सार. मग ते आसपासच्या गावांत तेच सांगत फिरले. २१ ऑक्टोबरला त्यांना अटक झाली, ती देवळीत. शिक्षा तीन महिन्यांची साधी कैद. दुसरे सत्याग्रही म्हणून जवाहरलाल नेहरूंचं नाव ठरलं होतं, आणि सत्याग्रहाचा दिवस येण्याआधीच, ३१ ऑक्टोबरला, सरकारनं त्यांनाही पकडलं.